पन्नास डेसिबल: ओढ्याच्या अलीकडे चालतात, पलीकडे चालतीलच असे नाही

कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क आणि पालो आल्टो या शहरांची हद्द बरीचशी सॅन फ्रान्सिस्किटो नावाच्या ओढ्याने ठरते. अमेरिकेच्या केंद्र सरकारने आपल्या ध्वनिविभागाचा निधी १९८०च्या दशकाच्या आरंभी बंद केल्यापासून शेजारच्या गोंगाटाचा प्रश्न मुख्यतः राज्यांच्या आणि नगरपालिकांच्या हाती आहे, आणि या दोन नगरपालिकांनी तो अगदी वेगळ्या रीतीने सोडवला आहे.

मेन्लो पार्कची रीत सोपी आहे. निवासी जागेवर मोजलेला आवाज सकाळी ७ ते रात्री १० या वेळेत ६० आणि रात्री ५० डेसिबलच्या वर जाता कामा नये. पालो आल्टोत मात्र निवासी भागासाठी असा ठरीव आकडा नाही. यंत्राचा आवाज मालकाच्या हद्दीबाहेर, तिथल्या मूळ आवाजापेक्षा ६ डेसिबलहून अधिक नसावा, एवढीच अट आहे. मूळ आवाज म्हणजे सहा मिनिटांच्या मोजणीत पुन्हापुन्हा येणारी सर्वांत खालची पातळी. ही सरासरी नव्हे, त्यामुळे मध्येच गेलेल्या एखाद्या मोटारीने ती वाढत नाही. तक्रारीतले यंत्र त्या वेळी बंद ठेवावे लागतेच, शिवाय सतत चालणारी आणि ओळखता येणारी इतर यंत्रेही थांबवावी लागतात. नाहीतर प्रत्येक नवा पंप पुढच्या पंपासाठी मर्यादा वर ढकलत राहिला असता. घराबाहेर मूळ आवाज ४० डेसिबलपेक्षा कमी धरला जात नाही.

आता पोहण्याच्या तलावाचा एक पंप घेऊ, ज्याचा रात्रीचा आवाज शेजाऱ्याच्या हद्दीवर बरोबर ५० डेसिबल भरतो. मेन्लो पार्कमध्ये तो नियमात बसतो, तर पालो आल्टोच्या शांत गल्लीत मर्यादा ४६ असल्याने बसत नाही. चारचा फरक किरकोळ वाटतो, पण डेसिबलची मोजपट्टी लॉगरिदमची असल्यामुळे त्याचा अर्थ ध्वनिऊर्जा अडीचपट असा होतो. मोकळ्या जागेत केवळ अंतर वाढवून तो भरून काढायचा, तर हद्दीपासून ३ मीटरवरचा पंप जवळजवळ पावणेपाच मीटरवर न्यावा लागेल. उलट, महामार्गाच्या अखंड घरघरीमुळे जिथे मूळ आवाजच दिवसा ५५ डेसिबल असतो, तिथे पालो आल्टो ६१पर्यंत मुभा देते, म्हणजे मेन्लो पार्कपेक्षा जास्तच. त्यामुळे कोणते शहर अधिक कडक, याचे उत्तर गल्लीगणिक बदलते.

भारतात ही गुंतागुंत आकड्यांत नाही. २०००च्या केंद्रीय नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा मुंबईला आणि ठाण्याला सारखीच लागू आहे. मात्र ती ठरावीक काळाच्या ऊर्जा-सरासरीवर बेतलेली आहे, आणि कोणता भाग निवासी, कोणता व्यापारी हे राज्य सरकारने ठरवायचे असते.

मला पालो आल्टोची रीत अधिक न्याय्य वाटते, कारण माणसाला खटकतो तो भोवतालच्या शांततेतून वर आलेला आवाज. पण दोन्ही शहरे ए-भारित डेसिबल वापरतात, आणि ते मानवी कानाची मंद आवाजांबाबतची संवेदनशीलता धरून खालच्या स्वरांना कमी लेखतात. १२५ हर्ट्झच्या स्वरातून तब्बल १६ डेसिबल वजा होतात. अमेरिकी विजेवर चालणाऱ्या यंत्रांची गुणगुण नेमकी १२० हर्ट्झच्या आसपास असते, आणि खिडकीची काचही खालचे स्वर फारसे अडवत नाही.