हॉट रॉडची धडधड आणि झडपांचे वेळापत्रक

महाराष्ट्रातील अनेक शहरांत वाहतूक पोलिस जप्त केलेले कर्णकर्कश सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांच्यावरून रोड रोलर फिरवतात. अशा बातमीवर चर्चा सुरू झाली की सायलेन्सर बदलल्याने इंजिन मोकळे होते आणि आवाजाबरोबर ताकदही वाढते, असा युक्तिवाद कोणीतरी करतोच, आणि पुरावा म्हणून अमेरिकेतील हॉट रॉड गाड्यांकडे बोट दाखवतो. या गाड्या जागेवर उभ्या असतानाही अडखळत, ठेचकाळत धडधडतात हे खरे आहे. मात्र त्या धडधडीचा उगम सायलेन्सरमध्ये नसून इंजिनाच्या पोटात फिरणाऱ्या एका दांड्यावर आहे, आणि तिचा अर्थ सर्वसाधारण समजाच्या जवळजवळ उलट आहे.

हॉट रॉड म्हणजे जुनी, स्वस्त गाडी घेऊन, तिचे मडगार्ड आणि अनावश्यक पत्रा उतरवून, घरच्या गॅरेजमध्ये तिचे इंजिन अधिक जोमदार करून तयार केलेली गाडी. हा छंद दक्षिण कॅलिफोर्नियात रुजला. तेथील म्युरॉक आणि एल मिराज या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर तरुण मुले आपल्या गाड्या पळवून वेळ मोजत असत. 1937 मध्ये त्यांच्या क्लबांनी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली आणि 1949 पासून यूटा राज्यातील बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर वेगाचे सप्ताह भरू लागले. या सगळ्यांची लाडकी गाडी होती 1932 ची फोर्ड, कारण सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत व्ही-8 (व्ही आकारात दोन ओळींत आठ सिलिंडर असलेले) इंजिन फोर्डने त्याच वर्षी बाजारात आणले होते.

त्या इंजिनाची क्षमता 3.6 लिटर आणि ताकद अवघी 65 अश्वशक्ती होती, म्हणजे लिटरमागे 18. आजची 100 सीसीची साधी मोटरसायकल सुमारे 8 अश्वशक्ती देते. लिटरमागे हिशेब केला तर ती या व्ही-8 च्या चौपटीहून पुढे जाते. फोर्डचे इंजिन दुबळे होते याचे एक मोठे कारण असे की त्याला नीट श्वास घेता येत नव्हता. पेट्रोल हवे तेवढे ओतता येते, परंतु ते जाळण्यासाठी लागणारी हवा सिलिंडरमध्ये पोचवणे हीच खरी अडचण असते.

शाळेत शिकलेले चार स्ट्रोक येथे आठवावेत: हवा आत घेणे, ती दाबणे, स्फोट आणि धूर बाहेर टाकणे. पुस्तकातील आकृतीत पिस्टन सर्वांत वर असताना हवा आत सोडणारी झडप, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह, उघडतो आणि पिस्टन तळाला पोचताच मिटतो. इंजिन मिनिटाला 4000 फेरे फिरत असेल, तर हवा आत घेण्याच्या या अर्ध्या फेऱ्याला केवळ 7.5 मिलिसेकंद मिळतात. हवेला वजन असते आणि म्हणून जडत्वही असते. नळीतला हवेचा स्तंभ हुकूम मिळताच धावू लागत नाही, आणि एकदा धावू लागला की लगेच थांबतही नाही. व्हॉल्व्हलाही एका क्षणात पूर्ण उघडता येत नाही. त्यामुळे पुस्तकातील वेळापत्रक पाळणारे इंजिन वेगात अर्धपोटी राहते.

यावरचा उपाय इंजिनाच्या कॅमशाफ्टवर असतो. पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, निम्म्या वेगाने फिरणाऱ्या या दांड्यावर प्रत्येक व्हॉल्व्हसाठी एक उंचवटा असतो, त्याला लोब म्हणतात. लोब टॅपेट नावाच्या छोट्या दट्ट्याला वर उचलतो, टॅपेट व्हॉल्व्हला उचलतो आणि लोब उतरला की स्प्रिंग व्हॉल्व्हला परत बसवते. लोबचा आकार म्हणजेच व्हॉल्व्हचे वेळापत्रक. लोब अधिक रुंद केला, तर पिस्टन तळाला पोचून पुन्हा वर निघाल्यानंतरही इनटेक व्हॉल्व्ह काही काळ उघडा राहतो, आणि धावत आलेला हवेचा स्तंभ आपल्याच जोराने सिलिंडरमध्ये घुसत राहतो. तसेच तो व्हॉल्व्ह थोडा आधी, म्हणजे धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटण्यापूर्वीच उघडतो. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी अर्धवट उघडे असतात, त्या अवधीला ओव्हरलॅप म्हणतात. वेगात असताना बाहेर पळणारा धूर आपल्यामागे जी ओढ निर्माण करतो, तिने ताजी हवा आत खेचली जाते आणि कोपऱ्यात उरलेला जुना धूर निघून जातो. मला या सगळ्या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते: बाहेर जाणारा वायू आत येणाऱ्याला हात देतो.

हे सारे वेगात असतानाच घडते. गाडी उभी आहे आणि इंजिन मिनिटाला 600 फेरे फिरत आहे असे समजू. हवेची वाट कमी-जास्त करणारे थ्रॉटल जवळजवळ बंद असल्यामुळे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतला, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधला, दाब वातावरणाच्या दाबापेक्षा बराच कमी असतो, तर एक्झॉस्टमध्ये तो वातावरणाएवढा असतो. वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाणार. ओव्हरलॅपच्या त्या लांबलेल्या अवधीत जळका धूर उलटा सिलिंडरमध्ये आणि तेथून मॅनिफोल्डमध्ये शिरतो. पुढच्या ताज्या मिश्रणात तो मिसळला की एखाद्या सिलिंडरमध्ये ज्वलन मंद होते किंवा होतच नाही. ते चुकले की तेथे न जळलेले मिश्रण मागे राहते, त्यामुळे पुढच्या खेपेस उरलेल्या वायूत इंधन आणि हवा असते आणि स्फोट जोरात होतो. एक सिलिंडर चुकतो, दुसरा दणका देतो, आणि कानांवर ती प्रसिद्ध अडखळती धडधड येते. रसिकांना जो आवाज ताकदीचा वाटतो, तो त्या क्षणी इंजिन गुदमरत असल्याचा असतो. ताकद येते ती बऱ्याच वरच्या वेगात, आणि तेथे आवाज पुन्हा सलग होतो.

फोर्डच्या या इंजिनात आणखी एक खोड होती. त्याला फ्लॅटहेड म्हणतात, कारण सर्व व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव ठोकळ्यातच, बसवलेले असतात आणि वरचे हेड म्हणजे जवळजवळ सपाट झाकण असते. धूर बाहेर जाण्याच्या वाटा ब्लॉकमधून, थंड पाण्याच्या कप्प्यांमधून जात, म्हणून ही इंजिने फार तापत. शिवाय प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरांना धुरासाठी तीनच तोंडे होती; मधल्या दोन सिलिंडरांना एकच तोंड वाटून घ्यावे लागे. या दोघांचे स्फोट क्रँकशाफ्टच्या 180 अंशांच्या अंतराने होत, म्हणजे एकाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अजून मिटत असतानाच शेजाऱ्याचा उघडे आणि त्याचा उच्च दाबाचा धूर पहिल्याच्या तोंडावर आदळे. ओव्हरलॅप वाढवला की हा त्रास बळावतो. म्हणूनच गॅरेजमधले कारागीर त्या मधल्या तोंडात पत्र्याचा पडदा बसवून दोन वाटा वेगळ्या करत. केवळ सायलेन्सर काढून टाकणाऱ्याला या पडद्याची गरज कधीच कळणार नाही.

एड विनफिल्ड आणि त्यांच्याकडून शिकलेले एड इस्केंडेरियन हे कॅमशाफ्ट घासून देणारे नामांकित कारागीर होते. जुन्याच कॅमशाफ्टवर लोबचा शेंडा तसाच ठेवून पायाचे वर्तुळ घासून लहान केले, की शेंडा आणि पाया यांतील फरक, म्हणजेच व्हॉल्व्हचा उठाव, तेवढा वाढतो. त्यामुळे टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांत पडणारी फट भरून काढण्यासाठी कमी-जास्त करता येणारे टॅपेट घालावे लागतात, कारण फोर्डचे मूळ टॅपेट तसे नव्हते.

घासून आणलेला कॅमशाफ्ट बसवताना घरच्या गॅरेजात जे मोजमाप होते, ते एखाद्या प्रयोगशाळेला शोभेल असे असते. क्रँकशाफ्टच्या टोकाला 360 अंशांची चकती लावतात आणि आधी पिस्टनचे सर्वांत वरचे स्थान, म्हणजे टॉप डेड सेंटर, शोधतात. ते थेट पाहून सापडत नाही. या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वरपासून खालपर्यंतचा प्रवास, सुमारे 95 मिलिमीटर आहे, तरीही शिखराच्या आसपास क्रँक 5 अंश फिरली तर पिस्टन पाव मिलिमीटरही हलत नाही. म्हणून पिस्टनला अडेल असा खिळा लावतात, क्रँक दोन्ही दिशांनी तो अडेपर्यंत फिरवून दोन आकडे लिहितात आणि त्यांचा मध्य घेतात. मग टॅपेटवर सूक्ष्म हालचाल मोजणारे डायल गेज ठेवून व्हॉल्व्ह कोणत्या अंशाला उघडतो आणि मिटतो हे पाहतात. दोन-चार अंशांची चूक असली तरी इंजिन चालते, पण कष्टाचे चीज होत नाही.

हे कष्ट टाळण्याचे आमिष दाखवणारा बाजारही जुनाच आहे. पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधल्याने ज्वलन सुधारते असे सांगून असली उपकरणे आजही विकली जातात. पेट्रोलवर अशा चुंबकाचा उपयोगी पडावा असा कोणताही परिणाम होत नाही. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडण्याइतकाच त्याचा इंजिनाशी संबंध आहे, आणि लिंबू निदान स्वस्त तरी असते.

कॅमशाफ्ट बदलला की आणखी एक हिशेब उलटतो. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटत असल्यामुळे कमी वेगात थोडी हवा परत बाहेर ढकलली जाते आणि प्रत्यक्ष दाब घटतो. तो भरून काढण्यासाठी हेड घासून ज्वलनकक्ष लहान करतात. परंतु फ्लॅटहेडमध्ये व्हॉल्व्ह त्याच कक्षात वर उचलला जातो. कक्ष उथळ केला की व्हॉल्व्हच्या डोक्यावरची जागा आकसते, हवेची वाट पुन्हा अरुंद होते आणि उठाव जास्त असेल तर व्हॉल्व्ह हेडवर आदळतो. म्हणून व्हॉल्व्हवर मुलांच्या खेळण्यातली मऊ माती थापून हेड बसवतात, स्पॅनरने क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवतात, कारण चार स्ट्रोकला दोन फेरे लागतात, आणि हेड पुन्हा उतरवून माती सुरीने कापून तिची जाडी मोजतात. ती फार पातळ निघाली, तर हेडचा कक्ष त्या जागी कोरून खोल करायचा किंवा कमी उठावाचा कॅमशाफ्ट शोधायचा, एवढेच दोन मार्ग उरतात.