व्हेक्टर चित्रातील ऑब्जेक्ट : संपादन आणि ग्रुपिंग

व्हेक्टर रेखाटनाच्या प्रणालीत चित्राचा प्रत्येक सुटा घटक, मग ती रेघ असो, वर्तुळ असो, बंद आकार असो की मजकुराची ओळ, 'ऑब्जेक्ट' म्हणून ओळखला जातो. ऑब्जेक्ट निवडणे, हलवणे, लहानमोठा करणे, नोड, म्हणजे कडेवरचे बिंदू, सरकवून त्याचा आकार बदलणे, त्यात रंग भरणे हे सगळे संपादनात मोडते. अनेक ऑब्जेक्ट आपापल्या जागी आणि आपापल्या रंगात ठेवून त्यांची मोट बांधणे म्हणजे ग्रुपिंग. कोरलड्रॉ, अॅडोबी इलस्ट्रेटर आणि इंकस्केप या यातल्या परिचित प्रणाली. मुंबईत लग्नपत्रिका, फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांवरची रेडियमची अक्षरे करणाऱ्यांत कोरलड्रॉ चांगलेच रुळलेले आहे. बोलताना त्याचे नुसते 'कोरल' होते आणि डीटीपी ऑपरेटर ठेवताना "कोरल येतं ना?" ही विचारणा ठरलेली असते.

छायाचित्र ठिपक्यांचे असते, म्हणून ताणले की फाटते. व्हेक्टर चित्रात ठिपके साठवलेले नसतात. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वक्रांचे गणित साठवलेले असते. त्यामुळे व्हिजिटिंग कार्डावरचे बोधचिन्ह वीस फुटी फ्लेक्सवर नेले तरी कडा तितकीच स्वच्छ राहते. या वक्रांचे गणित फ्रान्समधल्या मोटार कारखान्यांत आकाराला आले. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी गाडीच्या पत्र्याची वळणे आकड्यांत मांडण्यासाठी ते स्वतंत्रपणे विकसित केले. बेझिए यांचे नाव वक्राला चिकटले. पडद्यावर आकार काढून त्याच्याशी सुटा घटक म्हणून व्यवहार करण्याची कल्पना आयव्हन सदरलंड यांच्या १९६३ सालच्या 'स्केचपॅड'मध्ये स्पष्ट दिसते. एमआयटीत झालेल्या या कामात मूळ आकृती बदलली की तिच्या सगळ्या प्रती आपोआप बदलत. इलस्ट्रेटर १९८७ मध्ये आणि कॅनडातील कोरल कंपनीचे कोरलड्रॉ १९८९ मध्ये आले. इंकस्केप ही मुक्त प्रणाली २००३ पासूनची. तिची फाईल एसव्हीजी या खुल्या प्रमाणात साठते, ज्याची पहिली आवृत्ती २००१ साली शिफारस म्हणून जाहीर झाली.

निवड आणि नोड

संपादनाची सुरुवात निवडीपासून होते, आणि नवशिक्याचा सर्वांत जास्त वेळही तिथेच जातो. माऊसने चौकट ओढून निवड करताना कोरलमध्ये पूर्ण चौकटीत आलेलेच ऑब्जेक्ट निवडले जातात. इलस्ट्रेटरमध्ये चौकटीचा नुसता स्पर्श पुरतो. एकीकडून दुसरीकडे गेलेला ऑपरेटर पहिले काही दिवस पार्श्वभूमीचा रंगीत आयतच ओढून बसतो. पार्श्वभूमी लॉक करून ठेवणे हा त्यावरचा सरळ उपाय. एखादा ऑब्जेक्ट दुसऱ्याच्या खाली दडला असेल तर कोरल आणि इंकस्केपमध्ये ऑल्ट धरून क्लिक केल्याने खालचा हाती लागतो.

आकार बदलायचा तर नोडपर्यंत जावे लागते. वक्राच्या प्रत्येक तुकड्याला दोन टोके आणि दिशा देणारे दोन दांडे असतात. दांडा लांबवला की वळण फुगते, फिरवला की कलते. कमी नोडमध्ये काढलेला आकार बहुधा देखणा दिसतो. स्कॅन केलेल्या गणपतीच्या चित्रावर 'ट्रेस', म्हणजे ठिपक्यांच्या चित्राच्या कडा आपोआप वक्रांत काढणारी आज्ञा, चालवून मिळालेल्या आकाराला मात्र शेकडो नोड असतात आणि सोंडेची कड दातेरी होते. ती हाताने साफ करण्यापेक्षा सोंड नव्याने काढणे सोपे जाते.

ग्रुप म्हणजे काय, आणि काय नाही

ऑब्जेक्ट निवडून कंट्रोल-जी दाबले की ग्रुप होतो. ही कळ तिन्ही प्रणालींत एकच आहे. सोडवायला कोरलमध्ये कंट्रोल-यू, इलस्ट्रेटर आणि इंकस्केपमध्ये कंट्रोल-शिफ्ट-जी. ग्रुपला स्वतःची कड नसते की स्वतःचा रंग नसतो. खिळ्यांच्या छपाईत जुळारी जुळवलेल्या मजकुराभोवती दोरा गुंडाळून ठेवी, म्हणजे उचलताना खिळे विखुरत नसत आणि दोरा सोडला की प्रत्येक खिळा पुन्हा सुटा होई. ग्रुपचे काम तेवढेच. आतल्या एकाही ऑब्जेक्टला तो धक्का लावत नाही, म्हणूनच तो केव्हाही सोडवता येतो.

एसव्हीजी फाईल उघडून पाहिली तर हे उघड दिसते. तिथे ग्रुप म्हणजे काही घटकांभोवतीची एक खूण असते, आणि सरकवणे-फिरवणे त्या खुणेवर नोंदवता येते. आतल्या आकारांचे मूळ आकडे तसेच राहू शकतात. पारदर्शकतेच्या बाबतीत मात्र ही खूण फरक पाडते. एकमेकांवर चढलेली दोन लाल वर्तुळे वेगवेगळी अर्धपारदर्शक केली तर चढलेला भाग गडद दिसतो. तीच दोन वर्तुळे ग्रुप करून पारदर्शकता ग्रुपला दिली तर सगळीकडे एकसारखा फिकट रंग येतो, कारण आधी ग्रुपचे एक चित्र बनते आणि मग ते फिके केले जाते.

ग्रुपमुळे एक गोष्ट मात्र खरोखर बदलते : वरखाली क्रम. ऑब्जेक्ट एकावर एक रचलेले असतात आणि ग्रुपला त्या रचनेत एकच जागा मिळते, बहुधा त्यातल्या सर्वांत वरच्या ऑब्जेक्टची. समजा खाली सोनेरी चौकट, तिच्यावर फोटो आणि सर्वांत वर नावाची पट्टी आहे. चौकट आणि पट्टी यांचाच ग्रुप केला तर चौकट पट्टीसोबत वर येते आणि फोटो झाकला जातो. फोटो 'गायब' झाल्याची तक्रार अशा वेळी हमखास येते. तो तिथेच असतो, फक्त खाली गेलेला असतो. वेगवेगळ्या लेयरवरचे, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक पानांसारख्या थरांवरचे, ऑब्जेक्ट ग्रुप केले तर तेही असेच एका लेयरवर येऊन पडतात.

ग्रुपच्या पोटात ग्रुप असू शकतो. अनग्रुप केल्यावर फक्त बाहेरचा थर सुटतो. आतला एकच ऑब्जेक्ट बदलायचा असेल तर ग्रुप मोडण्याची गरज नाही. कोरलमध्ये कंट्रोल धरून क्लिक केले की आतला घटक निवडला जातो आणि त्याभोवतीच्या खुणा चौकोनीऐवजी गोल दिसतात. इलस्ट्रेटर आणि इंकस्केपमध्ये दोनदा क्लिक करून ग्रुपच्या आत शिरता येते. 'अनग्रुप ऑल' ही सगळे थर एका फटक्यात सोडणारी आज्ञा दिसायला सोयीची आहे, पण खरे तर मेन्यूत ती नसती तरी कुणाचे अडले नसते. पत्रिकेच्या वेलबुट्टीवर ती चालवली की शे-दोनशे पाकळ्या सुट्या होतात आणि त्यातली एक नकळत सरकली तर ती छपाईनंतरच दिसते.

कंबाईन, वेल्ड आणि देवनागरीची शिरोरेषा

ग्रुपशी गल्लत होते ती कंबाईन आणि वेल्ड या दोन आज्ञांची. कंबाईन, कोरलमध्ये कंट्रोल-एल, निवडलेल्या सगळ्या कडा एकाच ऑब्जेक्टमध्ये घालते. सगळ्यांना एकच रंग येतो आणि जिथे आकार एकमेकांवर चढलेले असतात तिथे भोक पडते. वेल्ड चढलेल्या आकारांची बाहेरची एकच कड ठेवते आणि आतल्या कडा पुसून टाकते. कंबाईन 'ब्रेक अपार्ट'ने, म्हणजे कंट्रोल-केने, मोडता येते, पण आधीचे वेगवेगळे रंग परत येत नाहीत. वेल्डला तर अनडूखेरीज परतीची वाट नाही.

रोमन अक्षरे सुटी उभी असतात, त्यामुळे इंग्रजी पाटीवर ही गल्लत बहुधा खपून जाते. देवनागरीत ती लगेच उघडी पडते. 'मुंबई' हा शब्द कंट्रोल-क्यू दाबून कर्व्ह केला, म्हणजे अक्षरांचे आकारात रूपांतर केले, की तो मजकूर राहत नाही, कडांचा संच होतो. त्यावर ब्रेक अपार्ट चालवले तर 'म'च्या आतली मोकळी जागा आणि 'ब'च्या पोटातल्या दोन फटी हे स्वतंत्र ऑब्जेक्ट होतात, त्यांच्यात काळा रंग भरतो आणि अक्षरे बुजतात. उलट बाजूने, फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याची शिरोरेषा घेऊन येते आणि सांध्यात फट दिसू नये म्हणून शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा किंचित एकमेकींवर चढवलेल्या असतात. असे सुटे आकार कंबाईन केले की चढलेल्या प्रत्येक ठिकाणी शिरोरेषेवर बारीक पांढरा चिरा उमटतो. उकार, वेलांटी आणि जोडाक्षरे जिथे चिकटतात तिथेही तेच. नुसता ग्रुप ठेवला तर रंग सलग दिसतो, पण अक्षरांना बॉर्डर दिली की सांध्यातल्या आडव्या-उभ्या रेघा बाहेर येतात.

रेडियम कटिंगमध्ये तर दिसण्यावरही भागत नाही. कटिंग प्लॉटरची पाती रंग पाहत नाही, फक्त कड पाहते. रिक्षाच्या मागच्या काचेवर लावायचे 'आईचा आशीर्वाद' वेल्ड न करता पाठवले तर पाती प्रत्येक सांध्याशी शिरोरेषा कापते आणि चिकटवताना 'चा'चा काना हातात सुटा येतो. म्हणून अशा दुकानात कर्व्ह, मग वेल्ड, मग कटिंग असा क्रम पाळावाच लागतो. वेल्ड करण्याआधी मूळ मजकुराची एक प्रत पानाबाहेर ठेवावी. गिऱ्हाईक 'आशिर्वाद'ची वेलांटी दीर्घ करायला सांगणार हे गृहीत धरलेले बरे.

या आज्ञांचा सरळ उपयोगही पाहण्याजोगा आहे. रुपयाचे चिन्ह २०१० मध्ये स्वीकारले गेले. ते रेखाटणारे डी. उदय कुमार हे पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राचे विद्यार्थी. आधीच्या फॉन्टमध्ये हे चिन्ह असणे शक्यच नव्हते. दरपत्रक करणाऱ्याला ते आकार म्हणून काढणे भाग होते : 'र'च्या शिरोरेषेखाली दुसरी समांतर रेघ वेल्ड केली, टोके नीट केली, की कामचलाऊ चिन्ह तयार होते.

मुंबईतील वापर

ग्रुपिंगची खरी परीक्षा वाढदिवसाच्या बॅनरवर होते. मध्ये उत्सवमूर्तीचा मोठा फोटो, खाली 'शुभेच्छुक' म्हणून वीस-पंचवीस चेहरे, प्रत्येकाखाली नाव आणि पद. जाणता ऑपरेटर एक चौकट नीट तयार करतो : फोटो पॉवरक्लिपमध्ये, म्हणजे चौकटीच्या आकाराबाहेरचा भाग झाकून, खाली नावाची पट्टी, आणि सगळ्याचा ग्रुप. मग त्याच ग्रुपच्या प्रती ओळीत मांडून तो कंट्रोल धरून आतली नावे बदलत जातो. रात्री अकराला "अजून एक नाव घ्या, आणि ते पहिल्या ओळीत" असा फोन येतो तेव्हा अख्खे ग्रुप सरकवून अंतर समान करणे मिनिटाभराचे काम असते. ग्रुप केलेले नसेल तर 'सी' आणि 'ई' या मध्यरेषेवर आणणाऱ्या कळा दाबताच नावे, फोटो आणि पट्ट्या सगळ्या एकमेकांच्या उरावर येऊन बसतात.

मोठे फ्लेक्स एका फुटाला एक इंच अशा मापात करण्याची पद्धत आहे. इलस्ट्रेटरचे पान तर बराच काळ सुमारे २२७ इंचांपलीकडे जातच नसे. छोट्या मापातला ग्रुप मोठा करताना रेघेची जाडी हा खाचखळगा ठरतो. कोरलमध्ये आऊटलाईनच्या खिडकीतील 'स्केल विथ ऑब्जेक्ट'वर खूण नसेल तर अक्षर बारा पट होते आणि त्याची बॉर्डर होती तेवढीच राहते, केसासारखी. ग्रुप लहान करताना उलट होते. जाड बॉर्डर अक्षर गिळते. इलस्ट्रेटर आणि इंकस्केपमध्येही हा पर्याय असतो, पण तो सेटिंगमध्ये असल्यामुळे दुसऱ्याच्या संगणकावर बसल्यावर आधी तपासावा लागतो.

लग्नपत्रिकेत अडचण वेगळी असते. मजकूर अजूनही कित्येकदा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. त्यांत मराठी अक्षरांच्या जागी आतून रोमन संकेत असतात. प्रेसच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की 'चि. सौ. कां.'ऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरे उमटतात. म्हणूनच गिरगावात किंवा दादरला पत्रिका टाकणाऱ्याला प्रेसवाला "कर्व्ह करून दे" असे बजावतो. मंगल हा र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी घडवलेला फॉन्ट आणि मुंबईच्या एक टाईप या गटाचे मुक्ता व बालू यांसारखे युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेत असलेले, फॉन्ट आल्यापासून मजकूर वाचनीय राहतो, पण प्रेसला द्यायची फाईल आजही कर्व्हच केली जाते. कर्व्ह केलेली आणि न केलेली अशा दोन फाईली, नावात तसा उल्लेख करून, ठेवणे हाच यावरचा उपाय.

फाईल एका प्रणालीतून दुसरीकडे नेताना ग्रुपची रचना क्वचितच जशीच्या तशी पोहोचते. पीडीएफ कोरलमध्ये उघडली की साध्या बोधचिन्हाभोवतीही ग्रुप, त्यात पॉवरक्लिप, त्यात पुन्हा ग्रुप असे वेढे दिसतात आणि एक ओळ अनेक तुकड्यांत फुटलेली असते. अशा वेळी आधी रिकामे वेढे काढायचे, मग अक्षरांचे तुकडे पाहायचे आणि शेवटी आपल्या सोयीचे नवे ग्रुप करायचे, असा क्रम ठेवला तर काम आटोक्यात राहते.