मोटारसायकलचा घरगुती दोषशोध

मोटारसायकलच्या इंजिनातला किंवा ब्रेकमधला बिघाड साध्या हत्यारांनी घरीच ओळखणे आणि जमेल तेवढा दूर करणे, म्हणजे घरगुती दोषशोध. यात पान्याचे काम कमी आणि डोळ्या-कानांचे जास्त. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर गाडी चालू झाली तरी कशामुळे झाली हे कळत नाही.

पेट्रोल इंजिनाला हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधले कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबले जाणे, लागते. गाडी सुरूच होत नसेल तर आधी किल स्विच (हँडलवरचे इंजिन बंद करायचे बटण), साइड स्टँडचा स्विच आणि पेट्रोल कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) पाहावा. हे बाळबोध वाटते. पण अर्धे इंजिन खोलल्यावर किल स्विच बंद सापडणे जास्त लाजिरवाणे.

सगळ्यांत बोलका भाग स्पार्क प्लग. टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. तेलकट काळेपणा दिसला तर पिस्टनच्या रिंगांवरून किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल वर चढते आहे. मग सायलेन्सर निळसर धूरही सोडतो. पुष्कळ किका मारूनही प्लग कोरडा निघाला, तर पेट्रोल पोचतच नाही. ठिणगी तपासताना प्लगचा धातूचा भाग इंजिनला टेकवावा, मात्र प्लगच्या भोकापासून लांब. तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडते.

गाडी काही किलोमीटर चालून बंद पडते, थोडा वेळ थांबले की पुन्हा चालू होते, अशा वेळी टाकीचे झाकण उघडून ऐकावे. आत हवा शिरल्याचा आवाज आला तर झाकणातले हवेचे छिद्र बुजले आहे. बॅटरी चांगली भरली असेल तर व्होल्टमीटर साधारण १२.६ व्होल्ट दाखवतो.

इंजिन बिघडले तर गाडी उभी राहते. ब्रेक बिघडला तर राहत नाही. म्हणून इथे अंदाजाला जागा नाही. डिस्क ब्रेकचा लिव्हर स्पंजासारखा लागतो आणि दोन-तीनदा पंप केल्यावर कडक होतो, तेव्हा बहुधा नळीत हवा शिरलेली असते. कॅलिपरच्या (डिस्कला चिमटीत पकडणाऱ्या भागाच्या) निपलला, म्हणजे हवा काढायच्या छोट्या स्क्रूला, पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक ब्रेक ऑइलच्या बाटलीत बुडवतात. लिव्हर दाबून धरायचा, निपल किंचित सैल करायचा, बुडबुडे निघाले की आवळायचा आणि मगच लिव्हर सोडायचा. क्रम चुकला की बाहेर काढलेली हवा परत आत. वरच्या डबीतले ऑइल तळाला जाऊ दिले, तर सगळे पहिल्यापासून.

‘ब्रेक ऑइल’ हे नावापुरते तेल. डॉट ३ आणि डॉट ४ हे ग्लायकॉलवर्गीय द्रव हवेतला ओलावा शोषतात. ताज्या डॉट ४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो. ओलावा मुरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंश. लांब उतारावर ब्रेक तापून असा द्रव उकळतो; लिव्हर अचानक मऊ पडण्याचे हे एक कारण. त्यात इंजिन ऑइल ओतले तर रबरी सील फुगतात. ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडले तर रंग उचलते. लगेच पाण्याने धुवावे.

ड्रम ब्रेकमध्ये बहुतेक वेळा केबलचा ताण किंवा झिजलेले लायनर (ड्रमला घासणारे अस्तर) यांचाच प्रश्न असतो. चाक स्टँडवर मोकळे फिरत नसेल तर ब्रेक घासतो आहे. ड्रममधली धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो.