शेततळ्याचं अनुदान: आधी कागद, मग पोकलेन

वैशाख लागला की आमच्या सांगोला-माण-जत पट्ट्यात पोकलेनवाल्यांचे फोन लागत नाहीत. जून तोंडावर, मशीन गावात आलेलं, शेजाऱ्याचं तळं खोदून झालेलं, मग माणूस म्हणतो, "चला, आपलंही उरकून घेऊ, अर्ज काय मागनं भरता येतो." नेमकं इथेच अनुदान जातं. आमच्या नात्यातल्या एकाचं असंच गेलं. तळं झालं, पाण्यानं भरलं, आणि नंतर भरलेल्या अर्जावर उत्तर आलं की पूर्वसंमतीआधी केलेल्या कामाला पैसे मिळत नाहीत. त्यात कार्यालयाची चूक नव्हती. नियमच तसा आहे.

योजना म्हणजे मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतलं 'वैयक्तिक शेततळे'. 2016 च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत 50 हजारांपर्यंत मिळायचे. 2022 च्या शासन निर्णयानं कमाल मर्यादा 75 हजार केली. अनुदान तळ्याच्या आकारमानावर ठरतं, त्यामुळे 15 बाय 15 मीटरच्या तळ्याला 75 हजार मिळतील असं समजू नका. अनुदानापेक्षा जास्त खर्च आला तर तो आपल्या खिशातून.

पात्रता फार किचकट नाही. स्वतःच्या नावावर किमान 0.60 हेक्टर, म्हणजे दीड एकर जमीन हवी (कोकणात 0.20 हेक्टर पुरते). शेततळ्यासाठी आधी कुठल्याही सरकारी योजनेतून लाभ घेतलेला नसावा. आणि जागा तांत्रिकदृष्ट्या योग्य हवी, म्हणजे पावसाचं वाहतं पाणी तळ्यात येईल अशी. माळाच्या डोक्यावर तळं धरून 'इनलेट-आउटलेटसह' (पाणी आत यायची आणि जास्तीचं बाहेर जायची वाट असलेलं) असा पर्याय निवडला, तर स्थळपाहणीला आलेला कृषी सहाय्यक तिथूनच मागे फिरतो.

अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर. 15 एप्रिल 2025 पासून कृषी विभागाच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी बंधनकारक आहे. तो नसेल तर गाडी पहिल्याच पायरीवर अडते. 'सिंचन साधने व सुविधा' या घटकात शेततळं निवडायचं, प्रकार आणि आकार भरायचा, 23 रुपये 60 पैसे भरून अर्ज सादर करायचा. पूर्वी सोडत निघायची, नशिबाचा भाग असायचा. 2025 पासून 'प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य' आहे, त्यामुळे मृगाची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. दिवाळीनंतर अर्ज टाकला तर उन्हाळ्यात खोदाई जमण्याची शक्यता जास्त.

निवड झाल्याचा मेसेज आला की कागदपत्रं: सातबारा, आठ-अ, आधारशी जोडलेलं बँक खातं, हमीपत्र, अनुसूचित जाती-जमातीतून अर्ज असेल तर जातीचा दाखला. जमिनीचं खातं सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र.

खरी गोम सातबाऱ्यात असते. माझ्याकडे अर्ज भरायला येणाऱ्यांतले कितीतरी जण वडिलांच्या नावाचा उतारा घेऊन येतात, आणि वडील जाऊन आठ-दहा वर्षं झालेली असतात. जमीन कसतो मुलगा, पण कागदावर तो शेतकरीच नाही. अशा वेळी आधी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करा. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं द्या. बहिणींची नावं गाळायची नाहीत, हे वेगळं सांगायला नको, पण सांगावं लागतं. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोटीस निघाली की हरकतीसाठी 15 दिवस जातात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. अर्जाचा विचार डोक्यात आला की पहिलं हे काम काढा.

कागदपत्रं तपासून, जागा पाहून पूर्वसंमती मिळते. ती पोर्टलवर दिसल्याशिवाय कुदळसुद्धा मारायची नाही. काम झाल्यावर मोजमाप होतं, फोटो काढले जातात, आणि रक्कम थेट खात्यावर येते. मोजमापात आकार कमी भरला तर अनुदानही कमी होतं, म्हणून पोकलेनवाल्याचा हिशोब करण्याआधी स्वतः टेप धरा. वरची लांबी-रुंदी, तळाची लांबी-रुंदी आणि खोली, तिन्ही मोजा. 30 बाय 30 बाय 3 मीटरचं, एकास एक उताराचं तळं तळाशी 24 बाय 24 भरतं आणि त्यात जवळपास 22 लाख लिटर पाणी मावतं.

आता मुरूम. खोदाईत निघालेला मुरूम बांधाला, स्वतःच्या शेतातल्या रस्त्याला वापरा. "मुरूम मला द्या, खोदाई स्वस्तात करतो" असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. विकायला शेताबाहेर गेलेला मुरूम हे गौण खनिज आहे. त्याला तहसीलची परवानगी आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) लागतं. विनापरवाना वाहतूक सापडली तर जमीन महसूल संहितेच्या कलम 48 नुसार बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि गाडी जप्त होते ती वेगळी. नोटीस मालकाच्या नावानंही निघते.

बोअरचं पाणी उपसून तळं भरण्याबद्दलही बोलायला हवं. आपल्याकडे डाळिंबासाठी हे सर्रास चालतं, आणि मला ते पटत नाही. उन्हाळ्यात दिवसाला 8 मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, तरी 30 बाय 30 च्या भरल्या तळ्यातून रोज 7,200 लिटर पाणी हवेत जातं. जमिनीत सावलीत असलेलं पाणी पैसे खर्चून उन्हात ठेवायचं, असा हा प्रकार. वर राज्याच्या 2009 च्या भूजल अधिनियमानं अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल बोअरला मनाई केलेली आहे. गावोगाव सहाशे फुटांची बोअर दिसतात, ही गोष्ट निराळी.

प्लास्टिक अस्तरीकरणाचा, म्हणजे तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरण्याचा अर्ज स्वतंत्र असतो, खोदाईच्या अनुदानात तो धरू नका. कागद अंथरला की कडा गुळगुळीत होतात. आत पडलेलं माणूस असो की वासरू, वर येता येत नाही. कुंपण घाला, आणि चारी बाजूंनी गाठी मारलेला दोर जुन्या टायरला बांधून पाण्यात सोडून ठेवा.