सोयाबीन पेरायला 75 मिलिमीटर कशासाठी?

मृगाची एखादी सर जोरात कोसळली की पेरणीची घाई सुरू होते. कृषी विभाग मात्र दरवर्षी तेच बजावतो: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. त्याचं कारण दाण्याच्या आत आहे.

कोरड्या दाण्यात पाणी जेमतेम 10-12 टक्के. ओल मिळाली की तो टम्म फुगतो, पण एवढ्यावर हुरळून जाऊ नये, मेलेलं बीही फुगतं. जिवंत दाण्यात पुढे विकरं (एन्झाइम) कामाला लागतात, दलांत, म्हणजे दाण्याच्या दोन फाकांत, साठवलेली प्रथिनं आणि तेल फोडून गर्भाला पुरवतात आणि मूळ टरफलाबाहेर येतं. मक्याला यासाठी स्वतःच्या वजनाच्या साधारण 30 टक्के पाणी पुरतं, सोयाबीनला 50 टक्के लागतं.

खरी गोम पुढे आहे. मूळ फुटण्याआधी दाणा पुन्हा वाळला तरी बऱ्याचदा तगतो. मूळ फुटल्यावर ती ताकद जाते. अर्धवट ओलीवर पेरलं आणि पावसाने दडी मारली, तर कोंब मातीतच वाळतो. मग दुबार पेरणी.

पाणी जास्त झालं तरी पंचाईतच. फुगलेला दाणा जोरात श्वास घेत असतो, साचलेल्या पाण्यात त्याला प्राणवायू मिळत नाही आणि तो कुजतो. म्हणून वापसा हवा: मातीच्या कणांभोवती ओल, मधल्या पोकळ्यांत हवा. उजेड या टप्प्यावर लागत नाही. मटकीलाही मोड फडक्यात, अंधारातच येतात.

हरभऱ्याची दलं मातीतच राहतात, वर येतो तो नुसता कोंब. सोयाबीन मात्र दोन्ही दलं वर घेऊन येतं, तेही वाकलेल्या मानेने माती ढकलत. त्यामुळे 3-4 सेंटिमीटरपेक्षा खोल पेरलं, किंवा पावसानंतर कडक ऊन पडून जमिनीवर पापुद्रा धरला, की कित्येक कोंब खालीच अडकतात. वर आलेल्यांची मान उजेडात सरळ होते, दलं हिरवी होतात आणि पानं कमावती होईपर्यंत रोपाला पोसतात.

त्यात सोयाबीनचं टरफल पातळ, गर्भ त्याच्या लगेच खाली. पोतं आदळलं तरी इजा होते. घरचं बियाणं असेल तर 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावेत, पाणी शिंपडत राहावं. आठवडाभरात 70 किंवा जास्त धड उगवले, तर हेक्टरी 75 किलो बियाणं पुरे. कमी उगवले तर त्या हिशेबाने प्रमाण वाढवावं. शेतातला आकडा याहून थोडा कमीच येतो. गोणपाटावर पापुद्रा धरत नाही, की पाखरं उतरत नाहीत.