इंटरनेट बंद पडलं तरी उघडणारं पान: बडोदेकर ग्राहकांसाठी माहिती

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा लोकांना हवी होती ती माहिती अगदी थोडी होती. औषधाचं दुकान उघडं आहे का, दूध कुठे मिळेल, कोणता रस्ता चालू आहे. दहा ओळींत मावेल एवढीच. त्या दहा ओळी इंटरनेटशिवाय, रेडिओवरून शेजारपाजारी पोचवायची सोय आम्ही बसवून देतो.

गच्चीवर लोरा रेडिओ (कमी विजेत लांबवर थोडा मजकूर पोचवणारा) आणि अँटेना, खाली घरात रास्पबेरी पाय हा छोटा संगणक. तुमचं पान त्या संगणकातच राहतं. रेटिक्युलम ही मोफत प्रणाली ते एका गच्चीवरून दुसरीवर नेते. मध्ये ना टॉवर, ना केबल, ना कुणाचा सर्व्हर. आपल्या देशात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो.

वेग मात्र आधीच समजून घ्या. आमच्या नेहमीच्या सेटिंगला सेकंदाला साधारण ३,१०० बिट, म्हणजे चारशेहून कमी बाइट जातात (आठ बिटांचा एक बाइट). देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘की’ लिहिलंत तर क आणि वेलांटी मिळून सहा. हजार चिन्हांचं पान शेजारच्या गच्चीवर दहा-पंधरा सेकंदांत उघडतं, मधला प्रत्येक टप्पा उशीर वाढवतो. तीन एमबीचा एक फोटो पाठवायचा तर दोन तासांहून जास्त लागतील आणि तोवर बाकीच्यांची वाट अडेल. म्हणून फोटो आम्ही चढवत नाही. साड्यांचा किंवा दागिन्यांचा कॅटलॉग दाखवायचा असेल, तर ही सोय तुमच्यासाठी नाही.

पान कसं असावं? ‘दुकान ९ ते १. इन्सुलिन आहे, फ्रिज इन्व्हर्टरवर चालू. मागच्या दाराने या.’ एवढं पुरे. ओळीच्या सुरुवातीला > हे चिन्ह दिलं की मथळा होतो.

हे पान क्रोममध्ये उघडत नाही. वाचणाऱ्याकडेही रेडिओ आणि नोमॅड नेटवर्क किंवा मेशचॅट हा प्रोग्रॅम लागतो. तो आम्ही बसवतो आणि वापरायलाही शिकवतो. पत्ता ३२ अक्षर-अंकांचा असतो, त्याला दरवर्षी भाडं नाही. पण तो तुमच्या गुप्त किल्लीतून, म्हणजे संगणकात साठवलेल्या एका छोट्या फाइलमधून तयार होतो. किल्ली गेली की पत्ता गेला, तेव्हा तिची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवाच.

दांडिया बाजार, रावपुऱ्यासारख्या दाट वस्तीत भिंती सिग्नल खातात, गच्चीची उंची कामाला येते. एकट्याने यंत्र घेऊन उपयोग नाही. दोन-तीन शेजारी मिळून या. ऑर्डर घेण्याआधी आम्ही दोन रेडिओ घेऊन गच्च्यांवर चढतो आणि सिग्नल पोचतो का ते तपासतो. पोचला नाही, तर पैसे घेत नाही.

संगणक आणि बॅटरी वरच्या मजल्यावरच ठेवा. अँटेना लावल्याशिवाय रेडिओ कधीही सुरू करू नका, आतली चिप जळू शकते. पावसाळ्याआधी अँटेनाच्या जोडावरची टेप बदलून घ्या. जिवावरचा प्रसंग असेल तर आधी ११२ लावा; या जाळ्यातून तिथे फोन लागत नाही.

भेटायला येताना पानाचा मजकूर कागदावर लिहून आणा. तो किती बाइटचा होतो, ते समोरच मोजून दाखवू.