संग्रहातली नावं : उघडी की बंद?

मुंबईतल्या लेस्बियन आणि ट्रान्स समूहांचा इतिहास जपायचा म्हटलं की गाडी अडते ती नावांवर. कपाट, स्कॅनर वगैरे पुढची गोष्ट. यादीची धास्ती जुनीच. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली उत्तर हिंदुस्थानात हिजड्यांची नावं-पत्ते पोलिसांच्या रजिस्टरात चढले. जुनं दप्तर सापडतं ते बहुतेक असं, पकडणाऱ्याच्या हातचं.

समूहाचा स्वतःचा कागद साठू लागला नव्वदच्या दशकात. १९९५ साली शहरात बायकांचा एक गट उभा राहिला. संपर्क पोस्ट बॉक्सवरून. पत्रावर घरचा पत्ता नाही, खाली सही एकाच अक्षराची. १९९८च्या डिसेंबरात दोन जावांच्या प्रेमावरच्या सिनेमापायी इथल्या थिएटरांत तोडफोड झाली. त्याची कात्रणं हवी तेवढी मिळतात, पण त्यात काचा जास्त आणि बायका कमी. गटातल्या बायकांना धाक समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७पेक्षा घरचा होता: मुलगी निघून गेली की आईबाप अपहरणाची तक्रार ठोकत. लग्न ठरलं की पत्रं फाडायची, त्यामुळे हाती उरतं ते थोडंच.

हिजड्यांच्या घराण्यांत वंशावळ तोंडी चालते. कागद म्हणजे गुरूच्या पेटीतले फोटो. गुरू गेल्यावर पेटी कुणाची, हे हिजड्यांच्या स्वतःच्या पंचायतीत ठरतं. संग्रहाच्या छापील संमती-फॉर्मला तिथे कोण विचारतो?

आता वाद संमतीचा. कॅसेटवर बोलताना दिलेला होकार इंटरनेटसाठी धरायचा का? एका गटाचं म्हणणं, नावं झाकली तर इतिहास पुन्हा निनावीच राहील. मुद्दा रास्त आहे, पण तो मांडणारे बहुधा स्वतः सुरक्षित असतात. जुलै २००९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ३७७ची धार बोथट केली, तेव्हा काहींना नावानिशी बोलायचा धीर आला. ११ डिसेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि कालचा होकार आज अडचणीचा ठरला. २०१८ला कलमाचा फास सुटला, घरच्यांचा नाही. शिवाय वाढदिवसाच्या एका फोटोत पाच जणी असतात आणि फॉर्मवर सही एकीची. म्हणून होकार मागे घेता यायलाच हवा. अभ्यासकाची गैरसोय झाली तर होऊ दे.

ट्रान्स व्यक्तींच्या बाबतीत जुन्या नावाची गुंतागुंत वेगळी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालाने स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०२०पासून त्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र मिळतं. त्याआधी नाव बदलायचं तर राजपत्रात जाहिरात देणं ही नेहमीची वाट होती, आणि तिथे जुनं नाव नव्याला खेटून छापलं जातं. संग्रहाने ते काळ्या पट्टीखाली घातलं, तरी राजपत्राचा अंक कुणालाही चाळता येतो.